प्राण्यापक्ष्यांवरून बाळाचं नाव ठेवायचंय? आधी शब्द उघडून बघा

प्रश्न थोडक्यात असा. आई पशुवैद्य. बाबांना पक्ष्यांचं वेड, सुट्टी मिळाली की भिगवण नाहीतर ठाण्याची खाडी. बाळ श्रावणात येणार. मुलगा होवो की मुलगी, नावात एखादा प्राणी किंवा पक्षी असावा, असं दोघांच्याही मनात आहे. सासूबाई म्हणतात, "जनावरांची नावं कसली ठेवता, देवाचं नाव ठेवा." इंटरनेटवरून जमवलेल्या अकरा नावांची यादी पाठवली आहे आणि तिचे अर्थ तपासून हवे आहेत. दोन वर्षांत जर्मनीला जायचा योग आहे, तेव्हा तिथेही नाव नीट उच्चारलं जावं, ही शेवटची अट.

मी शाळेत अठ्ठावीस वर्षं संस्कृत शिकवलं. माझ्या वर्गात बसलेल्या मुलींना आता मुलं होताहेत, आणि बारशाच्या आधी "बाई, याचा अर्थ बरोबर आहे ना?" असा फोन येतोच. इतकी नावं उघडून पाहिल्यावर एक गोष्ट मला पटली आहे, ती आधीच सांगते. 'या शब्दाचा अर्थ हरीण' एवढ्यावर थांबू नका. त्या प्राण्याचं माणसाशी, देवाशी किंवा स्वतःच्या पिल्लाशी असलेलं नातं नावात दडलेलं आहे का, ते शोधा. असं नातं असलेलं नाव मुलाला गोष्टीतून सांगता येतं, बोट दाखवून दाखवता येतं, आणि मूल ते हौसेनं मिरवतं.

सुरुवात सासूबाईंपासून करते, कारण त्यांचं समाधान झालं की पुढचं सोपं आहे. बारशाला बाळाला पाळण्याच्या वरून-खालून देताना आपण काय म्हणतो? 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या.' दोन्ही नावांत पहिलं अक्षर गाईचं आहे. गाई मिळवणारा तो गोविंद, गाई पाळणारा तो गोपाळ. म्हणजे बाळाच्या कानात आत्या 'कुर्रर्र' करून नाव सांगते त्याच्या आधीच घरात दोनदा गाईचं नाव घेऊन झालेलं असतं. गजाननाचं तोंड हत्तीचं, नरसिंह अर्धा सिंह. मोरगावचा मयूरेश्वर तर अष्टविनायकातला पहिला, आणि मोरेश्वर, मोरो, मोरोपंत ही सगळी नावं त्याच्यावरूनच आली. आर्या लिहिणाऱ्या मोरोपंतांनी देवाला घातलेल्या आर्त हाकांना 'केकावली' म्हटलं. केका म्हणजे मोराची हाक. कवीचं नाव मोर, म्हणून त्याच्या हाकांची माळ ती केकावली.

गोत्रांकडे बघा. कश्यप म्हणजे कासव. शतपथ ब्राह्मणात कूर्म आणि कश्यप एकच, असं स्पष्ट म्हटलेलं आहे. गौतम आला गोतमावरून, त्यात पुन्हा गाय. शौनकामागे शुनक, म्हणजे कुत्रा. कौशिक शब्दाचा घुबड असाही अर्थ कोशात आहे. तैत्तिरीय शाखेमागे तित्तिर पक्षी, मांडूक्य उपनिषदामागे मंडूक, म्हणजे चक्क बेडूक. भारद्वाज गोत्राच्या घरातल्या माणसाला अंगणात तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा भारद्वाज दिसला तर तो शुभशकुन मानतो. ज्या ऋषींचं नाव घेऊन आपण संध्या करतो, त्यांच्या नावांत कासव, कुत्रा आणि बेडूक आनंदानं नांदताहेत. सासूबाईंना हे नक्की सांगा. देवाचं नाव हवंय ना, मग प्राणी त्यात आपसूकच येईल.

आता यादी.

तितिक्षाचा अर्थ तिथे 'फुलपाखरू' दिलाय. हिंदी तितलीशी उच्चार जुळतो म्हणून कुणीतरी जोडून दिला असणार. तितिक्षा म्हणजे सहनशक्ती, थंडी-ऊन आणि सुखदुःख न कुरकुरता सोसण्याची ताकद. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात 'तांस्तितिक्षस्व भारत' आहे, तोच हा धातू. नाव सुंदर आहे, पण त्याला पंख नाहीत.

मृणाल म्हणजे हरिणी नव्हे. सुरुवातीच्या 'मृ'मुळे मृग आठवतो, एवढंच. मृणाल म्हणजे कमळाचा देठ, त्याच्या आतला तो कोवळा पांढरा तंतूंचा भाग. तरीही हे नाव मनात बसलं असेल तर प्राण्याशी त्याची एक वाट आहे. मानसरोवराकडे निघालेले हंस चोचीत कोवळ्या मृणालाचे तुकडे शिदोरी म्हणून घेऊन जातात, असं संस्कृत काव्यात वर्णन आहे. मृणाल हा हंसाचा शिधा. पक्षी बघणाऱ्या बाबांना हे आवडेल.

कुहू ही कोकिळेची साद, हा अर्थ बरोबर आहे. पण याच शब्दाचा जुना अर्थ अमावास्या असा आहे. चंद्राची कोरही दिसत नाही ती कुहू, आणि पुसटशी दिसते ती सिनीवाली. अमावास्येचं नाव म्हणून कुणी नाक मुरडलं तर उत्तर तयार असू द्या. मला स्वतःला हे नाव आवडतं. केकाही बरोबर आहे, पण मराठीत 'केकाटणे' हे क्रियापद रोजच्या वापरातलं आहे आणि शाळेतली मुलं पहिल्या आठवड्यात तिथवर पोचतील. मोर हवा असेल तर मयुरी घ्या.

मराली म्हणजे हंसी, अर्थ ठीक आहे. पाखी हा बंगालीत रोज वापरला जाणारा 'पक्षी', आपल्या पाखराचा सख्खा भाऊ. विहंग म्हणजे आकाशातून जाणारा, स्वच्छ आणि सोपं. श्येन म्हणजे ससाणा. वेदकाळापासूनचा मानाचा शब्द, पण 'श्ये' हे जोडाक्षर लहान मुलाच्या तोंडी बसत नाही आणि घरात त्याचं 'शेन' होईल. मराठी कानाला 'शेन' आणि 'शेण' यांत फार अंतर नाही. हे नाव सोडा.

शार्दूल म्हणजे वाघ. याच्याबद्दल एक गंमत सांगते, कारण हा शब्द तुमच्या लग्नातही होता. मंगलाष्टकं ज्या वृत्तात म्हणतात त्याचं नाव शार्दूलविक्रीडित, म्हणजे वाघाची क्रीडा. एकोणीस अक्षरांची ओळ, बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा. 'शुभमंगल सावधान'च्या आधी भटजी ज्या चालीत झेप घेतात ती वाघाची. आपल्या वृत्तांत असे बरेच प्राणी आहेत. समर्थांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयातात, सापाच्या चालीत आहेत. सतरा अक्षरांच्या एका वृत्ताचं नावच हरिणी, आणखी एका वेगळ्या वृत्ताचं मत्तमयूर. ज्यांनी ही नावं दिली त्यांनी प्राण्याला चालताना, वळताना, उडी मारताना डोळे भरून पाहिलेलं होतं.

सारंग या शब्दात हरीण, मोर, चातक, हत्ती आणि भुंगा एवढे सगळे आहेत. मुळात सारंग म्हणजे ठिपकेदार, चित्रविचित्र रंगाचा. त्या रंगावरून हा शब्द एकेका प्राण्याला लागत गेला. शिवाय दुपारच्या रागाचं नाव. ज्यांना एकच प्राणी ठरवता येत नाही त्यांच्यासाठी याहून सोयीचं नाव नाही.

शेवटचं रोहित. यादीत नुसता 'लाल' असा अर्थ आहे आणि तुम्ही त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह केलंय, की यात प्राणी कुठे? यात तीन आहेत. संस्कृतात रोहित हे एका हरणाचं नाव, तेच एका माशाचं. आपण ज्याला रोहू म्हणतो त्याचं शास्त्रीय नावही लॅबिओ रोहिता. आणि तिसरा तर बाबांच्या रोजच्या ओळखीचा. मराठी पक्षीनिरीक्षक फ्लेमिंगोला काय म्हणतात? रोहित. उजनीच्या पाण्यात भिगवणला उभे राहतात ते, आणि ज्यांच्यासाठी ठाणे खाडीत २०१५ साली अभयारण्य जाहीर झालं तेही. यादीतलं सगळ्यात साधं वाटणारं नाव तुमच्या घराला सगळ्यात जवळचं निघालं. पन्नास रोहित असतील वर्गात, पण त्यातल्या किती जणांचे बाबा त्यांना खाडीवर नेऊन हजारो गुलाबी पक्ष्यांकडे बोट दाखवून 'ते बघ, तुझं नाव' म्हणू शकतील?

शब्द उघडून बघा म्हणते ते यासाठीच. रोज हाक मारतो त्या नावांत प्राणी लपलेले असतात. शशांकात ससा आहे: शश म्हणजे ससा, अंक म्हणजे खूण, ज्याच्यावर सशाची खूण तो चंद्र. दुसऱ्या कुणाला त्याच डागांत हरीण दिसलं, म्हणून मृगांक. मृगांक प्राकृतात बोलता बोलता मयंक झाला. कोजागरीच्या रात्री दूध आटवत असताना मुलाला मांडीवर घेऊन चंद्रावर आधी ससा दाखवायचा, मग हरीण, आणि विचारायचं की तुला यातलं काय दिसतं. कपिल म्हणजे तांबूस पिंगट, आणि हा रंग आला कपीवरून, माकडावरून. मधुकर म्हणजे मध करणारा, मधमाशी. आजोबांच्या पिढीत गल्लीगल्लीत मधुकर होते आणि आपण मधमाशीला हाक मारतोय हे कुणाच्या मनातही येत नसे.

मिलिंद हे त्याहून खोल नाव आहे. संस्कृत कोशात मिलिंद म्हणजे भुंगा. पण महाराष्ट्रात या नावाला दुसरा, फार मोठा अर्थ आहे. मिनँडर या ग्रीक राजाचं पाली रूप मिलिंद. नागसेन भिक्खूला एकामागून एक अवघड प्रश्न विचारणारा तो राजा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू केलेलं महाविद्यालय मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं जातं. एखाद्या घरात मिलिंद हे नाव या अभिमानानं ठेवलेलं असतं, तिथे जाऊन 'म्हणजे भुंगा का?' असं विचारू नये. नावाचा अर्थ ते ठेवणाऱ्या घराच्या इतिहासातूनही येतो, नुसत्या कोशातून नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते, नात्याच्या नावांकडे.

माझ्या आत्याचं नाव वत्सला. तिला ते मुळीच आवडत नसे; 'जुनाट, नऊवारीतलं नाव' म्हणायची. मी कॉलेजात असताना पाणिनीचं एक सूत्र शिकले: 'वत्सांसाभ्यां कामबले'. वत्स शब्दाला 'ल' लागून 'वत्सल' होतो, आणि तो प्रत्यय इथे ओढीच्या, मायेच्या अर्थानं आहे. वत्स म्हणजे वासरू. म्हणजे वत्सल म्हणजे मुळात वासराची ओढ असलेली, गाय. सुट्टीत गावी गेल्यावर हे आत्याला सांगितलं तेव्हा ती गोठ्यातच होती. आदल्या रात्री व्यालेली गाय, वासरू अजून चारही पाय एकदम टेकू शकत नव्हतं. गाय त्याला मानेपासून शेपटीपर्यंत चाटत होती, खरखरीत जिभेचा सर्र सर्र आवाज येत होता, आणि प्रत्येक चाटण्यासरशी ते पिल्लू थोडं हलून पुन्हा उभं राहू बघत होतं. आत्यानं त्याला उचलून कासेपाशी नेलं, त्यानं दोनदा ढुशी दिली आणि गाईला पान्हा फुटला. आत्या तशीच उकिडवी बसून राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हे माझं नाव होय?" त्यानंतर तिनं नावाबद्दल कधी तक्रार केली नाही. वात्सल्य हा एवढा मोठा शब्द, नवरसांच्या पलीकडे जाऊन काहींनी त्याला दहावा रस मानला, आणि त्याचा जन्म गोठ्यातला आहे. तुम्ही पशुवैद्य आहात, तुम्हाला हे दृश्य माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा दिसलं असेल. मुलगी झाली तर वत्सला आणि मुलगा झाला तर वत्सल, हा माझा पहिला कौल.

शकुंतला हेही असंच. शकुंत म्हणजे पक्षी. मेनका जन्मतः सोडून गेली, निर्जन रानात त्या बाळाला पक्ष्यांनी घेरून सांभाळलं, म्हणून कण्वांनी तिचं नाव शकुंतला ठेवलं, असं महाभारताच्या आदिपर्वात खुद्द कण्वांच्या तोंडून आलंय. पुढची दुष्यंताची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण नावातली ही पहिली गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. नाव लांब वाटलं तर घरात शकू म्हणा.

नंदिनी ही वसिष्ठांची गाय. दिलीप राजा तिच्या मागे मागे रानात फिरला. ती थांबली की थांबायचा, ती बसली की बसायचा, ती पाणी प्यायली की मगच प्यायचा. सिंहानं तिला धरलं तेव्हा तिच्याऐवजी मला खा म्हणून त्यानं स्वतःचं शरीर पुढे केलं. जनावरांची सेवा करणाऱ्या घरात हे नाव शोभेल. नंदिनीचा दुसरा अर्थ आनंद देणारी, मुलगी. तेव्हा सासूबाईंनाही आक्षेप घ्यायला जागा नाही. सुरभीही गाईचंच नाव, कामधेनूचं, आणि सुगंध हा अर्थ आहेच.

सरमा हे नाव कुणी सुचवत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात इंद्राची कुत्री सरमा, पणी नावाच्या शत्रूंनी लपवून ठेवलेल्या गाईंच्या मागावर नदी ओलांडून एकटी जाते. ते तिला 'बहीण' म्हणून लालूच दाखवतात, आमच्यातच राहा म्हणतात, आणि ती बधत नाही. कुत्र्याला संस्कृतात सारमेय म्हणतात ते तिचं लेकरू म्हणून. वेदातल्या इतक्या जुन्या संवादात एका कुत्रीला असं निर्भय बोलायला मिळालंय, याचं मला फार अप्रूप आहे. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर शाळेच्या पटावर लोक ते 'शर्मा' वाचतील आणि मुलीला आयुष्यभर दुरुस्ती करत बसावं लागेल. मन घट्ट असेल तरच ठेवा.

मुलाच्या नावांत माझं आवडतं धनेश. कोशात धनेश म्हणजे कुबेर. पण कोकणात आणि सह्याद्रीच्या जंगलांत धनेश हा मोठ्या चोचीचा पक्षी आहे, इंग्रजीत हॉर्नबिल. विणीच्या दिवसांत मादी झाडाच्या ढोलीत शिरून स्वतःला कोंडून घेते, ढोलीचं तोंड लिंपून टाकते आणि चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. मग अंडी, पिल्लं, सगळा काळ नर रानभर हिंडून फळं गोळा करतो आणि त्या फटीतून एकेक फळ तिला भरवतो. तो आला नाही तर आतल्यांना कुणी नाही. बाप होऊ घातलेल्या पक्षीनिरीक्षकाला यापेक्षा जास्त काही सांगायची गरज नाही.

हरणांची नावं सांगायची तर हरिणी, मृगनयना, कुरंगी आणि एणाक्षी. एण म्हणजे काळवीट, त्याच्यासारखे डोळे ती एणाक्षी. पण डोळ्यांच्या वर्णनावर बेतलेली नावं मला थोडी उथळ वाटतात. हरणाचं आयुष्य त्यांत कुठेच येत नाही. हरीण हवंच असेल तर बारामती तालुक्यात सुप्याला चिंकारांचं मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. नाव मोराचं आणि राखलंय हरणांना. एकदा बाळाला घेऊन जाऊन या. चिंकारा हे गझेल जातीचं हरीण, आणि गझेल शब्द अरबी गझालवरून आला. तुमच्या एखाद्या मैत्रिणीचं नाव गझाला असेल तर ती तुमच्या आधी तिथे पोचली म्हणायची.

कारण ही आवड काही आपल्या एकट्याची नाही. मराठी बोलणाऱ्या मुसलमान घरांत असद आणि हैदर म्हणजे सिंह, शाहीन म्हणजे ससाणा. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल मराठीच बोलत आले. त्यांच्या परंपरेत राहेल म्हणजे मेंढी, दबोरा म्हणजे मधमाशी, सिप्पोरा म्हणजे पाखरू. वसई-गोव्याकडचा फिलिप हा ग्रीक, अर्थ घोड्यांवर प्रेम करणारा. मुंबईच्या पारशांत जामास्प असतो, त्यातला 'अस्प' म्हणजे आपला अश्वच. झरथुष्ट्र या नावातही उष्ट्र, म्हणजे उंट आहे. ज्या माणसांचं पोट ज्या जनावरावर, त्यांनी लेकरांना त्या जनावराचं नाव दिलं.

यावरून जर्मनी. तिथे तुम्हाला वोल्फगांग भेटेल, त्यात लांडगा आहे. बर्नहार्डात अस्वल, आर्नोल्डात गरुड, लिओनहार्डात सिंह. तेव्हा 'आमच्या बाळाच्या नावात प्राणी आहे' हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. हंस नावाचा विचार करत असाल तर लक्षात ठेवा, तिथे हान्स हे मुलाचं अगदी घरगुती नाव आहे, पण ते योहानेसचं छोटं रूप. पक्ष्याशी त्याचा संबंध नाही. आपल्या हंसाचा जर्मन नातलग म्हणजे 'गान्स', बदकासारखा तो मोठा पक्षी. दोन्ही शब्द एकाच मुळाचे. उच्चारांचं म्हणाल तर ळ, ध, भ त्यांना जड जातात. कोकिळाची कोकिला होईल, धनेशचा दनेश होईल. मिलिंद, सारंग, रोहित, नंदिनी सहज जमतील. आणि वत्सलातला 'त्स' तर जर्मन माणूस रोज शंभरदा उच्चारतो, इंग्रजांना अडतो तसा त्यांना अडणार नाही. स्पेलिंग मात्र ठरवताना तिथला विचार करा: इंग्रजी व्ही या अक्षराला ते पुष्कळदा 'फ' म्हणतात, म्हणून नाव पहिल्यांदा सांगताना एकदा स्वतः उच्चारून दाखवावं लागेल.

आडनावाबरोबर नाव मोठ्यानं म्हणून बघा, हे सगळ्यांनाच सांगते. आपली आडनावंही वाघ, कोल्हे, लांडगे, मोरे, गरुड अशी आहेत. आडनाव वाघ आणि नाव हरिणी, असं एका घरात जवळजवळ ठरलं होतं. आजीनं ओट्यापाशी उभं राहून पूर्ण नावानं हाक मारली तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. त्यांनी नंदिनी ठेवलं, आणि दिलीप राजाच्या गोष्टीत तिथेही सिंह निघालाच, पण त्या मुलीला ती गोष्ट फार आवडते.

नावाची घाई करू नका. दवाखान्यातून घरी येईपर्यंत फॉर्म भरायचाच म्हणून घाईत कुठलं तरी नाव लिहून आलेले आईबाप मी पाहिलेत. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, हे खरं; पण नावाचा रकाना रिकामा ठेवून नोंद करता येते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात तशी सोय आहे. पुढे १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क लिहून घेता येतं, त्यानंतर विलंबशुल्क भरून. मात्र १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा धरला जातो, म्हणून एकदा लिहिलं की मराठी अक्षर आणि इंग्रजी स्पेलिंग दोन्ही तिथल्या तिथे वाचून घ्या. वत्सलाचं 'वस्तला' झालेला दाखला माझ्या हातात आला आहे, आणि तो दुरुस्त करायला त्या आईला चार खेपा घालाव्या लागल्या.

तर माझा क्रम असा: मुलीसाठी वत्सला, मग नंदिनी, मग कुहू. मुलासाठी रोहित किंवा वत्सल. धनेश मनानं पहिला, पण जर्मनीला जाणं पक्कं असेल तर तिसरा. श्रावणातलं बाळ म्हणजे नागपंचमी आणि पोळ्याच्या मधलं, जनावरांच्याच महिन्यातलं. पोळ्याला ते फार तान्हं असेल, त्याला बैलांच्या गर्दीत नेऊ नका. वसुबारसेपर्यंत मात्र दोन ते तीन महिन्यांचं होईल, मान धरायला लागलं असेल. त्या दिवसाचं पोथीतलं नाव गोवत्सद्वादशी, वासरासकट गाईची पूजा. संध्याकाळी तुमच्या ओळखीच्या एखाद्या गोठ्यात घेऊन जा, सासूबाईंना बरोबर घ्या, आणि निरांजन ओवाळून झालं की बाळाचा हात धरून वासराच्या पाठीवरून एकदा फिरवा.